बाजारघरासमोरचं नामेले

मतदान जवळ आलं तशी आमच्या बेटावरच्या पोलीस चौकीला एकाएकी खूप कामं लागली.

एरवी चौकीत सार्जंट सिमियन बोए एकटाच असायचा. कुणाचं डुक्कर कुणाच्या कोनफळांच्या बागेत शिरलं, कुणी कावा, म्हणजे आमच्याकडचं मुळांचं नशेचं पेय, पिऊन भलत्याच्याच घरी जाऊन झोपलं, एवढ्यावर त्याचं वर्ष सरायचं. उरलेल्या वेळात तो चौकीमागे स्वतःचं घर बांधायचा. भिंती झाल्या होत्या, छप्पर बाकी होतं. शाळेत माझ्या वर्गात असतानाही तो असाच होता. दिलेलं काम पूर्ण करायचा, मात्र काम चुकीचं दिलं असेल तर तेही तितक्याच मनापासून पूर्ण करायचा.

आता त्याला रोज राजधानीहून फोन येऊ लागला. फोन करणारे एझ्रा वुती. तेही माझेच विद्यार्थी, आमच्या साराताव गावचे, आणि आता अंतर्गत खात्याचे मंत्री. म्हणजे देशातले सगळे पोलीस त्यांच्या हाताखाली. आमच्या बेटावरून ते दर वेळी निवडून यायचे, कारण त्यांच्याविरुद्ध उभं राहणारा माणूस प्रचाराच्या सुरुवातीलाच त्यांच्याकडे नोकरीला लागायचा. या वेळी मात्र दवाखान्यातली नर्स रोझलिन गराए उभी राहिली. तिला नोकरी देऊ करण्यात आली. ती म्हणाली, मला आहे.

एझ्रा वुती हे सभ्य गृहस्थ. त्यांनी कुणाला मारा किंवा धमकवा असं कधीही सांगितलं नाही. त्यांनी सिमियनला फक्त कायदा पाळायला सांगितला, आणि तोही एकट्या रोझलिनच्या बाबतीत.

पहिल्यांदा तिची बोट अडवली. बोटीत तरंगायची जॅकेटं नव्हती, आणि ती असली पाहिजेत असा कायदा आहे. सिमियनने बोट किनाऱ्यावर ओढून घेतली आणि वडाला साखळीने बांधली. त्याच दुपारी मंत्र्यांच्या पक्षाची बोट आली. त्यात माणसं तांदळाच्या पोत्यांवर बसली होती आणि जॅकेट एकाच्याही अंगात नव्हतं. सिमियनने त्यांना सलाम केला आणि पोती उतरवायला हात लावला. पोती आणि छपराचे पत्रे बाजारघराच्या मागच्या खोलीत रचून ठेवले गेले. मतदानाआधीच्या आठवड्यात ते घरोघर जायचे होते. का जायचे होते, हे कुणी विचारत नाही. दर निवडणुकीला जातात.

मग रोझलिनचा ट्रक अडवला. डावीकडे वळतानाचा दिवा लागत नव्हता. आमच्या बेटावर रस्ता एकच आहे, किनाऱ्याने सरळ जातो, आणि डावीकडे वळलं तर समुद्र लागतो. पण दिवा लागत नव्हता हे खरं होतं.

रोझलिन भांडली नाही. सिमियन ट्रकची किल्ली काढून घेत होता तेव्हा तिचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. प्रवाळावर कापून अंगठा सुजला होता. तिने त्याला ट्रकच्याच पायरीवर बसवलं आणि जखम धुऊन पट्टी बांधली. म्हणाली, "सिमियनदादा, हा पाय तीन दिवस पाण्यात घालू नकोस. मला अडवायचं तर रस्त्यावरच अडव."

त्यानंतर ती पायी फिरू लागली. किनाऱ्यावरची गावं तिने चालून पुरी केली. प्रश्न उरला डोंगरातल्या गावांचा. तिकडची पायवाट दरडींनी गेली होती, तिथे चढायला खांद्याला दोर लावावा लागायचा, आणि रोझलिन काही वयाने लहान नव्हती. पण डोंगरातली माणसं शनिवारी सारातावच्या बाजाराला उतरतातच. म्हणून तिने ठरवलं, शनिवारी बाजारघरात सभा घ्यायची. ती सभा झाली नाही तर अर्धं बेट तिचं म्हणणं न ऐकताच मत द्यायला जाणार होतं. हे तिला कळत होतं, आम्हाला कळत होतं, आणि एझ्रा वुतींना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

त्यांनी फोन केला. बाजारघराचं छप्पर धोकादायक आहे, शनिवारपासून ते बंद ठेव.

सिमियन बाहेर जाऊन छप्पर बघून आला आणि म्हणाला की चांगलं दिसतंय. मंत्री म्हणाले, धोका लांबून दिसत नसतो.

सिमियनने चौकीतली पिवळी फीत काढली आणि बाजारघराच्या खांबांना गुंडाळली. फितीवर पोलीस असं लिहिलेलं होतं. डुकरांना वाचता येत नाही, ती खालून गेली. बायकांना वाचता येतं, त्या फीत उचलून आत गेल्या आणि लापलापची, म्हणजे किसलेल्या कंदाच्या भाजलेल्या वडीची, पानं रोजच्या जागी मांडून बसल्या. दुपारी शाळा सुटली तेव्हा पहिलीतल्या मुलांनी फितीचा खेळ काढला. आधी फितीच्या आतले पोलीस आणि बाहेरचे चोर असं ठरलं. एका मुलीने आक्षेप घेतला की चोर आत असतात. यावर बराच वाद झाला. मला विचारायला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की अजून थोडं खेळा आणि मग तुम्हीच ठरवा. संध्याकाळपर्यंत फीत संपली. काही मुलींच्या वेण्यांत गेली, बाकीची कोनफळांचे वेल बांधायला.

मंत्र्यांना ही बातमी पोचली. ते सिमियनवर ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "घराच्या भिंती झाल्या ना रे तुझ्या?"

"झाल्या, साहेब."

"मग छप्पर घालायला तू इथेच असावास असं मलाही वाटतं. लोक ज्याला मानतात असं काहीतरी लाव. एक माणूस आत पाऊल टाकता कामा नये. टाकलं तर पुढच्या जहाजाने तू तोरालेऊला."

तोरालेऊ हे आमच्या देशातलं शेवटचं बेट. तिथे जहाज आठवण झाली की जातं.

सिमियन रात्रभर विचार करत बसला नाही. विचार करण्यासारखं फार नव्हतंच. आमच्याकडे लोक ज्याला मानतात अशी एकच गोष्ट आहे. नामेलेचं पान. ताठ, हिरवंगार, दोन्ही बाजूंना सुयांसारखी टोकं असलेलं. ते ज्या वाटेवर रोवलं ती वाट बंद, ज्या दारापुढे रोवलं ते दार बंद. समुद्रात काठीला बांधलं तर तिथले मासेसुद्धा सुखाने म्हातारे होतात. ते ओलांडलेला माणूस मी माझ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

पण पान रोवायचा अधिकार गावच्या प्रमुखाचा. प्रमुखाला आम्ही जिफ म्हणतो. सारातावचे जिफ हॅरिसन तेवी हे एझ्रा वुतींच्या आईचे सख्खे भाऊ. आमच्याकडे मामासमोर भाचा मोठ्याने बोलत नाही, मामा बसला असेल तर उभा राहत नाही, मग तो भाचा मंत्री का असेना. सिमियनला वाटलं, घरचंच काम आहे, जिफ नाही म्हणणार नाहीत.

जिफ हॅरिसन माशांचा सापळा विणत होते. मी शेजारीच वेताच्या काड्या सोलत बसलो होतो. जिफनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणासाठी बंद करायचंय?"

"सगळ्यांसाठी, जिफ."

"नीट आठव. रोझलिनसाठी की सगळ्यांसाठी? नामेलेला माणसं ओळखता येत नाहीत."

"साहेब म्हणाले, एक माणूस आत पाऊल टाकता कामा नये."

"एझ्रा स्वतः म्हणाला?"

"स्वतः."

जिफनी काडी दाताने तोडली. "बरं. मग पान त्याच्या नावाने रोवू."

सिमियनला बरं वाटलं. आपलं नाव कुठेच येत नाही, याचं त्याला बरं वाटलं. पान ज्याच्या नावाने रोवतात त्यालाच ते उचलावं लागतं, स्वतः येऊन, हे आमच्या बेटावरच्या पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं. सिमियनलाही माहीत होतं. निवडणूक झाली की साहेब येतील, उचलतील, असा हिशेब त्याने केला. मंत्र्यांनाही एके काळी माहीत होतं. फोनवर ते म्हणाले, "शाबास. हे तुला आधी का नाही सुचलं?"

शुक्रवारी जिफनी शंख फुंकला, बाजारघराच्या दारापुढे नामेले रोवलं आणि जमलेल्यांना सांगितलं, "माझा भाचा एझ्रा वुती याने हे घर बंद केलं आहे. पुढून, मागून, वरून, खालून. तो उघडेपर्यंत बंद."

बायकांनी आपापल्या टोपल्या उचलल्या आणि रस्त्यापलीकडे उन्हात जाऊन बसल्या. डुकरं मात्र अजूनही आत जात होती, पण त्यांची गणना होत नाही.

शनिवारी डोंगरातली माणसं उतरली. रोझलिन आली, पान बघून थांबली. तिने जिफना विचारलं, किती दिवस? जिफ म्हणाले, एझ्राला विचार. घर बंद म्हणजे त्यातली सभाही बंद. पान रोवलेल्या घराची सभा शेजारच्या झाडाखाली नेणं म्हणजे पानाला चकवणं, आणि ते रोझलिनने केलं नाही. डोंगरातली माणसं अळकुड्या विकून, मीठ आणि काड्यापेट्या घेऊन परत गेली. ती घाट चढून दिसेनाशी होईपर्यंत रोझलिन रस्त्यात उभी होती. मतदानाआधी आता एकच शनिवार उरला होता.

सोमवारी पक्षाचा ट्रक बाजारघरापुढे येऊन उभा राहिला. तांदूळ आणि पत्रे न्यायला आला होता. ड्रायव्हर खाली उतरला, पान बघितलं, टोपी काढली आणि ट्रकमध्ये परत जाऊन बसला. बराच वेळ बसून होता. बाजारातल्या बायकांनी त्याला विचारलं की पोतं उचलायला मदत हवी का. तो म्हणाला, थट्टा करू नका, मला मुलंबाळं आहेत.

मंत्र्यांचा फोन आला. सिमियन तो बाहेर व्हरांड्यात येऊन घेत असे, कारण आत आवाज नीट येत नाही. त्यामुळे तो सगळ्या गावाला ऐकू येई. मंत्री म्हणाले, पान बाजूला कर, माल काढ, पान परत लाव. सिमियन म्हणाला की मी लावलेलं नाही. मंत्री म्हणाले, मागची भिंत फोड. सिमियन म्हणाला, जिफनी मागूनही बंद म्हटलंय. मंत्री म्हणाले, तू पोलीस आहेस की कोण आहेस? सिमियनने यावर विचार केला आणि म्हणाला, "पोलीस आहे, साहेब. पण आईकडून इथलाच आहे."

बुधवारच्या विमानाने राजधानीहून पोलिसांची खास तुकडी आली. डोक्यावर शिरस्त्राणं, हातात ढाली, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. विमानतळापासून ती चालत आली, कारण पक्षाचा ट्रक बाजारघरापुढे अडकला होता आणि बेटावरचा चालू अवस्थेतला दुसरा ट्रक सिमियनने जप्त केला होता. बाजारघरापुढे येऊन तुकडी रांगेत उभी राहिली. मग पहिल्या रांगेला पान दिसलं. तिने शिरस्त्राणं काढली. ती का काढली हे बघायला दुसरी रांग पुढे आली, आणि तिनेही काढली. ती सगळी पोरं कुठल्या ना कुठल्या बेटावरचीच होती.

तुकडीचा प्रमुख दक्षिणेकडचा, धिप्पाड गडी. त्याने सिमियनला विचारलं, "कुणी रोवलंय?"

"मंत्र्यांनी."

"कुठल्या?"

"आपल्याच."

प्रमुखाने ढाल खाली ठेवली. "म्हणजे मंत्र्यांनी बंद केलेलं घर मंत्र्यांच्या हुकमाने फोडायला आलोय आम्ही. मग अटक कुणाला करायची?"

सिमियन म्हणाला, मलाही तेच कळत नाहीये.

पुढच्या सूचना येईपर्यंत तुकडी वडाखाली बसली. बायकांनी त्यांना लापलाप वाढलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना उपाशी बसवायची आमच्याकडे पद्धत नाही. दुपारी शाळेतल्या मुलांशी फुटबॉल झाला आणि त्यात शाळा जिंकली. एका शिरस्त्राणात दोन लहान मुलांची डोकी मावतात, पण काढताना कान लाल होतात, असा शोध तिसरीच्या वर्गाने लावला. पुढच्या सूचना आल्या नाहीत.

शुक्रवारी एझ्रा वुती स्वतः आले. पांढरा शर्ट, काळा चष्मा. विमानातून उतरून ते सरळ मामाकडे गेले, जिफ चटईवर बसले होते म्हणून चटईच्या कडेला बसले, आणि हळू आवाजात म्हणाले की आत्ताच उचलून टाकू, मला संध्याकाळी परत जायचंय.

जिफ म्हणाले, "डुक्कर आणलंस?"

मंत्री विसरले होते. पान उचलायला गोल सुळ्यांचं डुक्कर द्यावं लागतं. त्यांनी सचिवाला पाठवलं. सचिवाने विचारलं की सुळे किती गोल. हे त्याला कुणी सांगेना.

"आणि पान उचलताना ज्यांची अडचण झाली ती माणसं समोर लागतात," जिफ म्हणाले. "डोंगरातली माणसं उद्या येतील."

"मामा, त्यांच्याशिवाय नाही होणार?"

"अडचण त्यांची झालीय, बाळा. माझी नाही झाली. मी तर सापळा विणत होतो."

मंत्री म्हणाले, मग दुसरा एखादा दिवस?

"आहे की. त्याच्या पुढचा शनिवार."

मतदान त्याआधी होतं.

तो शनिवार मी विसरणार नाही. इतकी माणसं सारातावात मी कधीही पाहिली नव्हती. मंत्र्याने पान रोवल्याची बातमी डोंगरात आदल्या शनिवारीच पोचली होती, आणि तो ते स्वतः उचलणार आहे ही शुक्रवारी रात्री पोचली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन लोक दरडी उतरले. पोलिसांच्या तुकडीने गर्दी नीट बसवली. एवढं एक काम त्यांना मिळालं, आणि ते त्यांनी फार चांगलं केलं.

मंत्र्यांना पानासमोर केवड्याच्या चटईवर बसवलं. डुक्कर बाजूला बांधलं. आता रीत अशी असते की रोवणाऱ्याने आधी कारण सांगायचं. मग ज्यांची अडचण झाली त्यांनी एकेक करून बोलायचं, आणि ते संपेपर्यंत रोवणाऱ्याने उठायचं नाही की मध्ये बोलायचं नाही.

मंत्र्यांनी कारण सांगितलं. छप्पर धोकादायक होतं. सगळ्यांनी छपराकडे पाहिलं. त्यावर एक कोंबडी बसली होती.

मग लोक बोलले. एका बाईच्या अळकुड्या उन्हाने सुकल्या होत्या. एका म्हाताऱ्याला बाजारघरातल्या खांबाला टेकून झोपायची सवय होती, त्याची झोप गेली होती. ट्रकचा ड्रायव्हरही उठला आणि म्हणाला, मला चार दिवस ट्रकमध्ये बसून राहावं लागलं. मंत्र्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो पटकन खाली बसला.

मग रोझलिन उठली. म्हणाली, "माझी अडचण अशी झाली की मागच्या शनिवारी मला या घरात बोलायचं होतं, ते बोलता आलं नाही. काय बोलणार होते, तेवढं सांगते."

आणि ती सांगू लागली. दवाखान्यातला लसींचा फ्रीज बंद पडून वर्ष झालं, त्याचे पैसे राजधानीहून निघाले आणि वाटेत कुठे गेले. डोंगरातली पायवाट तीन निवडणुकांत तीनदा मंजूर झाली. अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून दरड उतरवायला किती माणसं लागतात. ती चिडली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही.

मंत्री मागे वळले. सिमियन त्यांच्या पाठीशी उभा होता. दात आवळून ते म्हणाले, "थांबव तिला. ही सभा चाललीय."

मी अगदी जवळ होतो. सिमियनच्या बायकोने आदल्या दिवशीच तोरालेऊसाठी गोधड्या बांधून ठेवल्याचं मला माहीत होतं. सिमियनने घाम पुसला आणि म्हणाला, "सभा नाही ही, साहेब. पान उचलायचा कार्यक्रम आहे. कार्यक्रम तुमचा आहे."

"एझ्रा," जिफ म्हणाले. ते एवढंच म्हणाले, आणि मंत्री पुढे तोंड करून बसले.

ऊन सरकलं तशी चटई दोनदा सावलीत हलवावी लागली, मंत्र्यांसकट. रोझलिनचं बोलणं संपलं तेव्हा मागच्या लोकांत चुळबुळ सुरू झाली. तिचा आवाज मुळात बारीक, रात्रपाळीत रोग्यांना न उठवता बोलायची सवय. डोंगरातली माणसं उशिरा पोचल्याने मागे बसली होती आणि त्यांना फारसं ऐकू गेलं नव्हतं. ज्यांच्यासाठी ती दोन आठवडे धडपडली, नेमकी तीच माणसं. तिनेही ते पाहिलं, आणि तशीच उभी राहिली.

जिफनी मंत्र्यांना विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं, मामा."

"काय ऐकलंस?"

मंत्र्यांनी काळा चष्मा काढला.

"अडचण ऐकली हे अडचणवाल्यांना कळायला नको?" जिफ म्हणाले. "तुझ्या आजोबांनी ओढ्यावर पान रोवलं होतं, तेव्हा त्यांनी सगळ्यांचं म्हणणं परत सांगितलं होतं. उभा राहून सांग. तुझा आवाज चांगला आहे."

एझ्रा वुती उभे राहिले. आवाज खरंच चांगला आहे त्यांचा, शाळेत असल्यापासून. त्यांनी अळकुड्या सांगितल्या, म्हाताऱ्याची झोप सांगितली. मग घसा साफ करून ते दवाखान्याच्या फ्रीजवर आले. वर्षभर बंद. पैसे राजधानीहून निघाले. मागची माणसं पहिल्यांदा गप्प झाली आणि मान वर करून ऐकू लागली. पायवाट तीनदा मंजूर, असं म्हणून ते पुढे निघाले, तेवढ्यात अगदी मागून एक म्हातारी उठली आणि तिने विचारलं की पैशांचं काय झालं म्हणालात, तेवढं इकडे नीट आलं नाही.

मंत्र्यांनी मामाकडे पाहिलं. जिफनी मान हलवली. तेव्हा मंत्री दोन पावलं पुढे गेले, तोंडाशी हात धरले आणि फ्रीजपासून परत सांगू लागले.